बांबूच्या टोपलीतली उकड

मागच्या वेळी या सदरात मी दर्शिनीतल्या उभ्या-उभ्या खायच्या इडलीबद्दल लिहिलं होतं. ते वाचून पहिला फोन आला तो माझ्या आईचा. "आम्ही तिकडे आलो की आम्हालाही उभ्यानेच जेवायला घालणार आहेस का?"

ती दोघं जुलैमध्ये आली. वेंगुर्ल्याहून बेळगाव आणि तिथून रात्रीची बस. हौस म्हणून नाही. गेलं वर्षभर आईची बोटं सकाळी सुजतात, मूठ वळत नाही. इथल्या एका संधिवाताच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली होती. शनिवारी सकाळी दोघं दारात उभी. बाबांच्या हातात पिशवी, पिशवीत आगळाची बाटली, आणि चेहरा उतरलेला. आईच्या बोटांची काळजी होतीच. पण दुसरं कारणही मला माहीत होतं.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाबा सुक्या बांगड्यावर दिवस काढतात. त्यात हा श्रावणाच्या आधीचा शेवटचा रविवार. तो वांगी-बटाट्यावर घालवायचा म्हणजे आमच्या घरात जवळजवळ दुखवटाच.

मी ठरवलं, दोघांना डिमसम खायला न्यायचं.

ऑफिसच्या टीमबरोबर मी एकदा इंदिरानगरच्या एका कँटोनीज हॉटेलात गेले होते. तेव्हा टोपलीचं झाकण उघडल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती आई. का, ते पुढे सांगते. तर रविवारी दुपारी आम्ही चौघं निघालो. आई, बाबा, मी आणि माझी बेळगावची रूममेट. ती शुद्ध शाकाहारी. "मला काही मिळेल का गं तिथे?" असं ती रिक्षात तीनदा म्हणाली.

आत गेल्यावर गोल टेबल, मधोमध फिरणारी काचेची थाळी. एका भिंतीला पाण्याच्या टाक्या, त्यात मासे आणि दोरीने नांग्या बांधलेले खेकडे. दुसऱ्या भिंतीला मोठी काच, तिच्यापलीकडे स्वयंपाकघर. आईने काचेसमोरची खुर्ची घेतली, बाबांनी टाकीसमोरची. मला आणि रूममेटला मेन्यूकार्ड मिळालं.

बाबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा लावला. बत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आधी उजवीकडचा रकाना वाचतो. "सव्वाचारशे रुपये. किती नग?" चार, मी म्हटलं. "म्हणजे एकाला एकशे सहा रुपये पंचवीस पैसे." त्यांनी कार्ड मिटून ठेवलं. आता सगळं मलाच बघायचं होतं. आमच्या घरी हॉटेलात ऑर्डर नेहमी बाबांनी दिलेली. माझ्या पगारातून मी त्यांना जेवायला घालायची ही पहिलीच वेळ, आणि हाताला घाम सुटला होता.

आधी चहा मागवला. कँटोनीज लोक या जेवणाला 'यम चा' म्हणतात, म्हणजे 'चहा पिणं'. खाणं मुळात चहाच्या जोडीला आलेलं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझो शहरात आणि खाली हाँगकाँगला सकाळी-दुपारी चहाघरात बसायचं, पेपर वाचायचा, गप्पा मारायच्या आणि मध्ये मध्ये छोट्या टोपल्या मागवत राहायच्या. 'डिमसम'चा शब्दशः अर्थ 'हृदयाला स्पर्श'. आपण 'तोंडात टाकायला काहीतरी' म्हणतो, तसं त्यांचं हृदयाला जरासं लागेल एवढं.

गंमत म्हणजे हा 'चा' आपल्या घरात कधीचाच आहे. जगातल्या बहुतेक भाषांत चहाची नावं दोनच मुळांतून आली. एक हे 'चा', जे खुश्कीच्या मार्गाने आणि पोर्तुगीजांमार्फतही पसरलं. दुसरं फूच्येन किनाऱ्यावरचं 'ते', जे डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेलं आणि इंग्रजांचं 'टी' झालं. म्हणजे आपला 'चहा' आणि त्या किटलीतला 'चा' एकाच घराण्यातले. बाबांनी मात्र घोट घेऊन विचारलं, "दूध विसरले काय?"

आमचा वेटर दार्जिलिंगचा, विशीतला मुलगा. त्याने एक रीत सांगितली. कोणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायचं. तो धन्यवाद. यामागे एक दंतकथा सांगतात. छ्येनलुंग नावाचा बादशहा वेष पालटून फिरत होता आणि त्याने स्वतःच्या हाताने नोकराला चहा ओतला. नोकराला लोटांगण घालायचं होतं, पण तसं केलं तर गुपित फुटलं असतं. म्हणून त्याने बोटं वाकवून टेबलावरच नमस्कार केला. खरंखोटं बादशहा जाणे. आणखी एक, किटली रिकामी झाली की तिचं झाकण जरा तिरकं ठेवायचं, कोणी तरी येऊन भरून जातं. हे बाबांना फार आवडलं. पुढच्या तासाभरात त्यांनी चार वेळा झाकण तिरकं केलं. फुकट आहे म्हणून, दुसरं काय!

मग पहिली टोपली आली. हार गाऊ. कोळंबीचं सारण, वर जवळजवळ पारदर्शक पारी, आतला गुलाबी रंग बाहेर दिसतोय, आणि कडेने एकीला एक चिकटलेल्या चुण्या.

आई काहीच बोलली नाही. तिने एक उचलला. काड्यांनी नाही, काड्या तिच्या बोटांत राहीनात. वेटर म्हणाला, "आंटी, हाथ से खाइए, कोई बात नहीं," आणि तिने दोन बोटांच्या चिमटीत धरून तो उजेडाकडे नेला. "एक, दोन, तीन..." ती मोजत होती. "नऊ कळ्या. बाईचा हात चांगला आहे."

याचसाठी मला आई आठवली होती. हार गाऊची पारी करायची रीत ऐका. पिठावर उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, गरम असतानाच मळायचं. मग छोटी गोळी पातळ करून सारण भरायचं, एका बाजूने चुण्या घालायच्या आणि वाफवायचं. म्हणजे उकड! फरक एवढाच की आपलं पीठ तांदळाचं आणि त्यांचं गव्हाच्या सत्त्वाचं, त्यात थोडा टॅपिओका स्टार्च. 'गव्हाचं सत्त्व' म्हटल्याबरोबर रूममेट ओरडली, "अगं, कुरडयांचा चीक!" तिच्या आजीकडे गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून कुरडया होतात. त्या चिकाचाच हा चुलतभाऊ. ग्वांगझोकडच्या एका चहाघरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा पदार्थ जन्मला, असं मानतात. जाणकार म्हणतात, चुण्या निदान सात हव्यात, दहा असतील तर उत्तम. पारी इतकी पातळ की सारण दिसावं, पण उचलताना फाटू नये. आमच्याकडे मोदकाची परीक्षाही अशीच घेतात, फक्त घेणाऱ्या काकू जास्त कडक असतात.

काचेपलीकडे एक मुलगी हेच करत होती. तिचा डावा अंगठा आत, उजव्याची तर्जनी आणि अंगठा चुण्या घालतायत, सहा-सात सेकंदांत एक. आई तिच्याकडे बघत होती. बघता बघता म्हणाली, "मला आता हे येणार नाही. या वर्षी मोदक विकतचे आणायचे."

बाबांनी कप खाली ठेवला. हे त्यांनाही तिथेच कळत होतं. आई घरात कधी बोलली नव्हती. दुखतं एवढंच सांगायची. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, आणि एकवीस मोदक आईच्या हातचे. मी पंचवीस वर्षं ते खाल्ले आणि एकदाही शिकले नाही. माझं काम नेहमी नारळ खवण्यापुरतं, तेही मोबाइल हातात धरून.

बाबा म्हणाले, "बघू, डॉक्टर काय म्हणतात ते." आणि काचेची थाळी फिरवून तिसरा हार गाऊ आईसमोर आणला.

टोपल्या येत राहिल्या. शाकाहारी वाचकांसाठी इथे थांबून सांगते, कारण माझ्या रूममेटची पंचाईत होता होता राहिली. मेन्यूत 'टर्निप केक' असं लिहिलेलं असतं. मुळ्याचा कीस आणि तांदळाचं पीठ एकत्र करून वाफवतात, गार झालं की वड्या पाडून तव्यावर खरपूस करतात. म्हणजे हुबेहूब कोथिंबीर वडीची रीत. तिने आनंदाने तेच मागवायला घेतलं, आणि वेटरने स्वतःहून सांगितलं, यात सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं. (सुकी कोळंबी म्हणजे आपली सुकट. बाबांचे डोळे चमकले, आणि ती ताटली त्यांच्याकडे गेली.) कँटोनीज स्वयंपाकात नावावरून शाकाहार ओळखता येत नाही. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस असू शकतो, तो कालवांचा. सूपच्या पाण्यात कोंबडी असू शकते. काही खुसखुशीत पेस्ट्रींत डुकराची चरबी. म्हणून 'व्हेज आहे का' एवढं विचारून थांबू नका. सॉस कोणता, पाणी कशाचं, वाफवायची टोपली वेगळी आहे का, असं एकेक विचारा. कोळंबी-खेकड्याची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर बसल्याबरोबर सांगावं. आणि घरात कोणाला रक्तदाब असेल तर सोया सॉस वेगळ्या वाटीत मागवा. तो दिसतो पाण्यासारखा, पण मीठ भरपूर.

रूममेटला शेवटी मशरूमचे डंपलिंग आणि भाज्यांचं चेउंग फन मिळालं. चेउंग फन म्हणजे तांदळाच्या पातळ घोळाचा वाफवलेला पापुद्रा, सारणाभोवती गुंडाळलेला. सुरळीची वडी डोळ्यांसमोर आणा, फक्त पांढरी. ती म्हणाली, "वर खोबरं-कोथिंबीर हवी होती."

आता माशाची गोष्ट. मी 'सी बास' वाफवून मागवला. या हॉटेलात शिजवण्याआधी मासा टेबलाशी आणून दाखवतात. वेटर ट्रे घेऊन आला, आणि बाबा खुर्चीवरून उठलेच. "अगो, ह्यो तर चोणक!"

अलिबाग-पेणकडे ज्याला जिताडा म्हणतात, बंगालात भेटकी, तोच आमचा चोणक. इंग्रजी मेन्यूत तो 'एशियन सी बास' किंवा 'बारामुंडी' होऊन बसतो. बाबांनी कल्ला उघडून लाली बघितली, डोळा बघितला, पोटावर बोट दाबलं. वेटर घाबरून माझ्याकडे बघत होता. "बंदी चालू असताना हा आला कुठून?" बाबांचा पुढचा प्रश्न. तळ्यात वाढवलेला, असं उत्तर मिळालं. बाबांनी मान हलवली. म्हणजे खोटं बोलत नाहीत, एवढं त्यांना पटलं. जाता जाता टाकीतल्या खेकड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "अमावास्या जवळ इली हा, कुर्ल्यो भरलेल्यो असतले." त्या दार्जिलिंगच्या पोराला यातलं काय समजलं असेल!

पंधरा-वीस मिनिटांनी मासा अख्खा आला. वर आल्याचे आणि कांद्याच्या पातीचे बारीक धागे, खाली पातळ सोया सॉस. वेटरने छोट्या भांड्यातलं कडकडीत तेल वरून ओतलं, चर्र आवाज आणि आल्याचा वास. बाबांनी ताटलीकडे पाहिलं. "मसालो खंय?"

मसाला नाही. कँटोनीज स्वयंपाकाचा जीव तिथेच आहे. मासा ताजा असेल तर वाफ, आलं, पात, बस. ताजा नसेल तर सॉस. ग्वांगतुंग हा समुद्राचा, नद्यांचा प्रांत. ताज्या माशाला तिथे कशाखाली लपवत नाहीत. आणि खरं सांगू, आपल्याकडेही होडीवरून थेट घरी आलेल्या माशाला मीठ-हळदीपलीकडे फार काही लावत नाहीत. मसाला दुसऱ्या दिवशी. बाबांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. मग काट्यावरचं मांस इतकं स्वच्छ काढलं की वेटर ताटली उचलताना हसला. आणि हो, तिथे एक बाजू संपल्यावर मासा उलटायचा नाही, मधला काटा वर उचलून काढायचा. मासा उलटला तर कोळ्याची होडी उलटते, अशी समजूत आहे. हे ऐकल्यावर बाबांनी चमचा लगेच मागे घेतला. किनाऱ्यावरच्या माणसाला असल्या गोष्टी पुन्हा सांगाव्या लागत नाहीत.

जेवण रंगात आल्यावर बाबा मध्येच म्हणाले, "कामलिंग."

तरुणपणी काही वर्षं ते मुंबईत नोकरीला होते. चर्चगेटला उतरून चालत जाताना कामलिंग या चिनी हॉटेलची पाटी रोज दिसायची. "आत जायचा धीर कधी झाला नाही. काय मागवायचं, कसं खायचं, कोणाला विचारणार?" त्यांचं चायनीज म्हणजे स्टेशनबाहेरची गाडी, लाल चटणी आणि मंचुरियन.

त्या मंचुरियनचाही मंचुरियाशी संबंध नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, आणि तो पदार्थ देशभर गेला. छानच आहे तो, माझं काही म्हणणं नाही. पण मुंबईतले जुने चिनी लोक त्याच्या कितीतरी आधीचे, आणि त्यांतले बरेचसे कँटोनीज. जहाजांवर आणि गोदीत काम करायला आलेले. माझगावात त्यांचं 'सी यप कून' हे देऊळ १९१९ पासून आहे. 'सी यप' म्हणजे 'चार परगणे', ग्वांगतुंगमधले, जिथून ही माणसं आली. कुलाब्यात लिंग कुटुंबाचं 'नानकिंग' होतं, पुढे त्यांचंच 'लिंग्ज पॅव्हेलियन' आलं, आणि खेकडे-माशांसाठी लोक अजून तिथे जातात.

१९६२ च्या युद्धानंतर मात्र या माणसांवर वाईट वेळ आली. भारतातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, काहींना काही वर्षं. त्यांत इथेच जन्मलेलीही होती. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. हे मी टेबलावर सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "त्यांची हॉटेलं मग कोणी चालवली?" मला उत्तर देता आलं नाही. आता बंगळुरूत काय, मुंबईत काय, डिमसम मॉलमध्ये मिळतात. लंडनच्या सोहोत २००४ साली सुरू झालेलं यौआचा दोन्ही शहरांत आलं. त्या मॉलच्या चकचकाटात माझगावचं देऊळ कोणाला आठवणार?

बिल आलं. बाबांनी चष्मा पुन्हा लावला, आणि मी मनात देवाचा धावा केला. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. सेवाशुल्क, दहा टक्के. "हे सक्तीचं नाही," बाबा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूच्या टेबलांवर सगळे परफ्युम लावलेले लोक. पण बाबांचं बरोबर होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैत सांगितलं आहे की हॉटेलांनी सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते नियम कायम ठेवले. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. साध्या हॉटेलांत ५ टक्के. सेवाशुल्क काढत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आमच्या बाबतीत तशी वेळ आली नाही, मॅनेजरने दोन मिनिटांत नवं बिल आणलं. मग बाबांनी खिशातून पाचशेची नोट काढून त्या दार्जिलिंगच्या मुलाच्या हातात दिली. वाचवलेल्या रकमेपेक्षा फार कमी नव्हती ती. बिल मी भरलं. बाबांनी भरू दिलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सोमवारी डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. औषध बराच काळ घ्यावं लागेल म्हणाले. गणपतीपर्यंत बोटं वळतील का, या प्रश्नावर ते "घाई करू नका" एवढंच म्हणाले. आईने पर्स उघडून चिठ्ठी आत ठेवली आणि बाहेर आल्यावर विचारलं, "इथे तांदळाची पिठी चांगली कुठे मिळते?"

त्या संध्याकाळी माझ्या दोन बर्नरच्या ओट्यावर उकड झाली. मोदकपात्र नव्हतं, इडलीचं भांडं आणि वर चाळण. आई खुर्चीवर बसून सांगत होती. पाण्याला आधण येऊ दे, तूप-मीठ घाल, पिठी एकदम ओत, आता गॅस बारीक, झाकण. हात पोळत होते. "पोळू देत, गार झाली की चिरा पडतात." बाबा दारात उभं राहून व्हिडिओ काढत होते, आडवा मोबाइल उभा धरून.

माझ्या पहिल्या मोदकाला पाच कळ्या पडल्या आणि तो बसला. दुसऱ्याचं तोंड मिटेना. आठव्याला मी मोठ्याने मोजलं. नऊ!

आईने तो हातात घेऊन फिरवून बघितला. "दोन चिकटल्यात," ती म्हणाली. "सात. ठेव चाळणीत."